चालणारा आकडा खरा असतो का?

गाडीच्या कंपनीने बसवलेला ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, काढून त्याजागी बाजारातला दुसरा बसवला, की इंजिनाचा बहुतेक व्यवहार एका तक्त्यावर येऊन पडतो. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डमधला हवेचा दाब, आणि दोन्ही जिथे छेदतात तिथे एक रकाना. तक्ता १६ गुणिले १६ असेल तर असे २५६ रकाने आणि प्रत्येकात एक आकडा. तो वाचून ईसीयू ठरवतो की इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा. ट्यूनिंग म्हणजे हे आकडे बसवण्याचे काम, आणि ट्यूनिंगचे सॉफ्टवेअर म्हणजे हे आकडे पाहायची आणि बदलायची जागा. अशा सॉफ्टवेअरांची तुलना करणारे सहसा विचारतात की स्वस्त कोणते, पडदा सुटसुटीत कोणाचा, ऑटोट्यून कोणात चांगले, लॉग किती वेगाने नोंदवला जातो. हे प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्याही आधीचा एक प्रश्न आहे, आणि तो यंत्रशास्त्रापेक्षा प्रमाणशास्त्राचा अधिक आहे: रकान्यातला आकडा नेमके काय म्हणत असतो? आणि इंजिन सुरेख चालले, एवढ्यावरून तो आकडा खरा ठरतो का? ज्या प्रश्नावर नैयायिक, मीमांसक आणि बौद्ध कित्येक शतके एकमेकांशी भांडले, तोच प्रश्न आज लॅपटॉप मांडीवर घेऊन डायनोशेजारी बसलेल्या माणसासमोर असतो. त्याला तो दिसत नाही, कारण इंजिन चालू झाल्यावर प्रश्न विचारायची इच्छा मावळते.

मीमांसकांनी वाक्यांमध्ये केलेला एक भेद इथे फार कामाला येतो. काही वाक्ये विधी असतात, म्हणजे अमुक कर असे सांगतात; काही वाक्ये वस्तुस्थिती सांगतात. आज्ञा पाळता येते, मोडता येते, ती शहाणपणाची किंवा वेडेपणाची असू शकते. खोटी मात्र असू शकत नाही. खोटे ठरण्याचा मान फक्त विधानाला. मीमांसकांनी वेदाचे प्रामाण्य मुख्यतः विधीत पाहिले आणि वर्णनपर वाक्यांना त्या विधीच्या सेवेला जुंपले. ट्यूनिंगची जुनी सॉफ्टवेअरे नकळत त्याच संप्रदायातली आहेत. मेलबर्नच्या मोटेकच्या एम८०० मध्ये इंधनाचा तक्ता भरताना एका ठरवून दिलेल्या इंजेक्टर-वेळेचे टक्के भरायचे असत. हॅलटेकच्या जुन्या ईसीयूंत सरळ मिलिसेकंद. न्यूझीलंडच्या लिंकच्या पीसीलिंकमध्ये आजही ‘ट्रॅडिशनल’ ही पद्धत निवडली, तर ‘मास्टर फ्युएल’ नावाचा एक मिलिसेकंदांतला पाया आणि त्यावर तक्ता, असा मामला असतो. या तक्त्यातला प्रत्येक रकाना हुकूम देतो: इंजेक्टर इतका वेळ उघड. याउलट मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो, रुसईएफआय, मोटेकची एम१ मालिका, हॅलटेकच्या अलीकडच्या ईसीयूंतली व्हीई पद्धत किंवा त्याच पीसीलिंकमधली ‘मॉडेल्ड’ पद्धत यांच्या रकान्यात सिलिंडर किती भरतो हे, म्हणजेच व्हीई, लिहिलेले असते. तिथला ७८ हा आकडा म्हणतो की या आरपीएमला आणि या दाबाला सिलिंडरमध्ये हिशेबाने जेवढी हवा मावायला हवी, तिच्या ७८ टक्के हवा प्रत्यक्षात शिरते. हे जगाबद्दलचे विधान आहे. ते खरे किंवा खोटे असणारच. माझे म्हणणे असे की विधान करणारे सॉफ्टवेअर हुकूम सोडणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ आहे, आणि त्याचे कारण त्याची अचूकता नव्हे. ते चुकीचे ठरू शकते, म्हणून ते श्रेष्ठ.

चुकीचे ठरण्याला एवढे महत्त्व का, हे पाहायला अर्धा हिशेब पुरतो. इंजेक्टरला वीज मिळाली तरी तो तत्क्षणी उघडत नाही; साधारण एक मिलिसेकंद सुई हलण्यातच जातो. त्याला डेड टाइम म्हणतात, आणि बॅटरीचे व्होल्टेज उतरले की तो वाढतो. मेगास्क्वर्टचे मूळ सूत्र थोडक्यात असे: एक पायाभूत इंधन-वेळ, गुणिले व्हीई, गुणिले मॅनिफोल्डचा दाब, गुणिले तापमान वगैरेंच्या दुरुस्त्या, आणि शेवटी अधिक डेड टाइम. गुणाकार आणि बेरीज यांच्यातला हा फरक लक्षात ठेवावा, कारण सगळी गोम तिथेच आहे. समजा खरा डेड टाइम १.० मिलिसेकंद आहे आणि ट्यूनरने तो ०.६ भरला. आयडलला इंजेक्टर एकूण २.५ मिलिसेकंद उघडा असतो, म्हणजे इंधन खरोखर १.५ मिलिसेकंद पडते. पण सॉफ्टवेअरच्या हिशेबात ते १.९ मिलिसेकंद होते. मिश्रण बरोबर येईपर्यंत ट्यूनर व्हीई वाढवत जातो, आणि जिथे ४५ हवे होते तिथे ५७ वर येऊन थांबतो. लॅम्डा (हवा-इंधन मिश्रणाचे माप) बरोबर, आयडल स्थिर, गिऱ्हाईक खूश. तक्त्यात दोन खोटी विधाने शेजारी बसली आहेत आणि एकमेकांना झाकत आहेत. मग थंडीतली सकाळ उजाडते. वॉर्म-अपची दुरुस्ती इंधन ४० टक्क्यांनी वाढवते. गुणाकार १.९ चा होतो, बेरीज ०.६ ची होते, आणि प्रत्यक्षात २.१ मिलिसेकंद इंधनाऐवजी २.२६ पडते: सुमारे साडेसात टक्के जास्त. ट्यूनर म्हणतो, वॉर्म-अपचा तक्ता चुकलाय, आणि तिथे तिसरी चूक भरतो. पूर्ण भारावर इंजेक्टर दहा-अकरा मिलिसेकंद उघडा असतो, तिथे हीच चूक एक टक्क्याच्या आसपास दबून जाते. म्हणून डायनोवर ती कोणाला दिसत नाही. डायनोवर लोक ताकद मोजतात, आयडल नाही.

न्यायभाष्याच्या आरंभीच वात्स्यायनाने प्रवृत्तिसामर्थ्याची गोष्ट मांडली आहे: ज्ञानाच्या आधारे कृती केली आणि ती फळाला आली, की त्या ज्ञानाचे प्रामाण्य कळते. पाणी दिसले, गेलो, तहान भागली. म्हणजे दिसले ते पाणीच होते. ट्यूनरची श्रद्धा हुबेहूब हीच असते. वरचे उदाहरण दाखवते की फळ मिळूनही ज्ञान खोटे असू शकते. हा आक्षेप अर्थातच नवा नाही. बौद्ध धर्मकीर्तीने सातव्या शतकात दोन माणसांचे उदाहरण दिले. एकाला दुरून मण्याची प्रभा दिसते आणि तो तिलाच मणी समजून धावतो. दुसऱ्याला दिव्याची प्रभा दिसते आणि तोही तिला मणी समजून धावतो. भ्रम दोघांचा सारखाच, पण पहिल्याला मणी मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. पुढे श्रीहर्षाने मुठीतल्या कवड्यांची संख्या अंदाजाने सांगणारा माणूस उभा केला. त्याचा अंदाज बरोबर निघतो, पण त्याला ते ठाऊक होते असे कोण म्हणेल? आयडलला ५७ भरून बरोबर लॅम्डा मिळवणारा ट्यूनर या कवडीवाल्याचा सख्खा भाऊ. फरक एवढाच की कवडीवाल्याला निदान आपण अंदाज केला हे माहीत असते.

इथे धर्मकीर्तीच्याच बाजूने एक तगडा आक्षेप येतो, आणि कामाला बसलेले बहुतेक ट्यूनर, त्याचे नावही न ऐकता, तोच घेतात. ते म्हणतात: अर्थक्रिया, म्हणजे अपेक्षित काम, घडवणे हेच वस्तू खरी असल्याचे लक्षण. व्हीई नावाची वस्तू कुठे पडलेली असते? ती आपली कल्पना आहे, हिशेबाच्या सोयीसाठी मांडलेली. लॅम्डा बरोबर आला, नॉकिंग नाही, तापमान ठीक. मग रकान्यात ४५ असो की ५७, कोणाचे काय बिघडले? हा आक्षेप हलक्यात घेण्याजोगा नाही. काही ठिकाणी तर तो पूर्ण बरोबर आहे. शर्यतीची गाडी एकाच ट्रॅकवर, एकाच इंधनावर, गरम इंजिनाने धावणार असेल, तर मिलिसेकंदांचा हुकूमनामा पुरेसा आहे आणि एम८०० ने अनेक शर्यती अशाच जिंकून दिल्या. पण या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: आज ज्या परिस्थितीत फळ मिळाले, तीच परिस्थिती उद्याही राहील. धर्मकीर्तीला स्वतःलाही हे माहीत होते. मण्याच्या प्रभेकडे धावणाऱ्याचा भ्रम फळतो, कारण प्रभेचा मण्याशी पक्का संबंध असतो. तो संबंध नसता तर धाव वाया गेली असती. मग विचारायचे ते हे की ५७ या आकड्याचा सिलिंडरशी असलेला संबंध पक्का आहे, की त्या दिवसाच्या तापमानाशी आणि व्होल्टेजशी बांधलेला? विधान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न विचारता येतो. टर्बो नसलेल्या साध्या इंजिनाच्या तक्त्यात एखाद्या रकान्यात १२५ टक्के दिसले, तर जाणत्याच्या कपाळावर आठी उमटते: इतकी हवा शिरणार कुठून? इंजेक्टरचा प्रवाह चुकीचा भरला असावा. मिलिसेकंदांच्या तक्त्यात ६.२ दिसले काय की ७.१ दिसले काय, आठी उमटायला कारणच नाही. हुकूम हास्यास्पद दिसू शकत नाही.

अर्थात विधान करणारी सगळी सॉफ्टवेअरे सारखी प्रामाणिक नाहीत. मेगास्क्वर्टच्या पुढच्या आवृत्त्यांत आणि स्पीडुइनोत असे पर्याय आहेत की लक्ष्य-मिश्रण सूत्रात घ्यायचे की नाही, आणि दाबाने गुणायचे की नाही, हे वापरणाऱ्याने ठरवावे. लक्ष्य-मिश्रण बाहेर ठेवले, की व्हीईच्या रकान्यात दोन गोष्टी एकत्र कोंबल्या जातात: सिलिंडर किती भरतो हे, आणि आपल्याला मिश्रण किती रिच हवे हे. पहिले वर्णन, दुसरी इच्छा. अशा तक्त्यातले ७८ आणि दुसऱ्या तक्त्यातले ७८ यांत नावापलीकडे काही सामाईक नाही, तरी एकाची फाइल दुसऱ्याकडे बिनदिक्कत जाते. रुसईएफआयचा पंथ याबाबतीत कडक: आधी सिलिंडरमधल्या हवेचे वजन काढा, मग लक्ष्य-लॅम्डाने त्याला लागणारे इंधन काढा, मग इंजेक्टरच्या प्रवाहाने त्याची वेळ काढा, आणि डेड टाइम सर्वांत शेवटी. मोटेकच्या एम१ चाही रोख असाच, भौतिक एककांकडे. या रचनेत चूक होत नाही असे नाही. चूक झाली तर ती आपल्या घरात राहते, शेजाऱ्याच्या रकान्यात जाऊन बसत नाही. सॉफ्टवेअरची तुलना करताना मी याला सर्वाधिक गुण देईन. पडद्यावरच्या काट्यांची नक्षी कितीही देखणी असो, तिला त्यानंतरचे.

आता प्रत्यक्षाकडे वळू, कारण ट्यूनर म्हणेल की तक्ता राहू द्या, माझ्याकडे वाइडबँड सेन्सर आहे, मी डोळ्यांनी पाहतो. तो काय पाहतो? सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूत उरलेला ऑक्सिजन. इंधन नव्हे. ऑक्सिजन जास्त, म्हणून मिश्रण लीन, हे अनुमान आहे, आणि त्यात तोच दोष लपलेला आहे जो तर्कसंग्रह शिकणाऱ्याला पहिल्या वर्षीच शिकवतात. डोंगरावर अग्नी आहे, म्हणून धूर असणारच, असे म्हणता येत नाही. इंधन ओले असेल तरच धूर. ओले इंधन ही तिथली उपाधी. वाइडबँडच्या अनुमानाची उपाधी आहे ज्वलन. मिश्रण नीट पेटले असेल, तरच उरलेला ऑक्सिजन लीनपणा सांगतो. मिश्रण इतके रिच झाले की पेटलेच नाही, तर न जळलेला सगळा ऑक्सिजन सेन्सरपाशी पोचतो आणि सेन्सर म्हणतो: लीन. मोठ्या कॅममुळे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहत असतील, तर आयडलला ताजी हवा थेट बाहेर जाते; सेन्सर पुन्हा म्हणतो: लीन. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला भेग असेल, तरी लीन. ट्यूनर स्टुडिओतले व्हीई अ‍ॅनलाइझ लाइव्ह हे ऑटोट्यून याच अनुमानावर चालते. उपाधी सुटली तर ते पुन्हा पुन्हा इंधन वाढवते, मिसफायर आणखी वाढतो, आणि यंत्र मोठ्या आत्मविश्वासाने चुकीच्या दिशेला चालू लागते. त्या सॉफ्टवेअरचे खरे मोल त्याच्या गाळण्यांत आहे: इंजिन गार असताना नोंदी घेऊ नकोस, थ्रॉटल झटक्यात उघडला असताना घेऊ नकोस, गॅस सेन्सरपर्यंत पोचायला लागणारा उशीर हिशेबात धर, एका रकान्याला एका झटक्यात फार बदलू नकोस. गाळणी म्हणजे उपाधींची यादीच. ज्या ऑटोट्यूनमध्ये या अटी दिसत नाहीत आणि बदलता येत नाहीत, ते कितीही वेगवान असले तरी तर्कशास्त्रात कच्चे.

आपल्याकडे या उपाधीला अलीकडे एक स्थानिक रूप मिळाले आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट भारताने २०२५ मध्ये गाठले. त्यातले काही इथेनॉल महाराष्ट्राच्या उसातून येते. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९ पट, आणि या मिश्र पेट्रोलला साधारण १३.५ पट. सेन्सरला यातले काही माहीत नसते. त्याला फक्त लॅम्डा कळतो, आणि पडद्यावर १४.७ दिसते, कारण कोणीतरी लॅम्डाला १४.७ ने गुणा असे सांगून ठेवले आहे. टाकीतल्या इंधनाबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही. तो खोटेही बोलत नाही, पण पाहणाऱ्याची समजूत मात्र खोटी होते. म्हणून आकडे लॅम्डात दाखवणारे सॉफ्टवेअर, सवय मोडावी लागली तरी, जास्त सभ्य.

उरले शब्दप्रमाण. बंद फर्मवेअर वापरणारा म्हणजे शब्दावर चालणारा माणूस: आत काय आहे ते कंपनी सांगेल तेवढेच. वात्स्यायनाने आप्ताचे, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावे त्याचे, लक्षण सांगताना दोन अटी घातल्या आहेत. त्याने वस्तू स्वतः जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याला इच्छा असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू, असेही त्याने तिथेच नोंदवले आहे. त्या काळाच्या मानाने हा मोकळेपणा दाद देण्याजोगा. दुसरी अट किती जड आहे हे २०१५ मध्ये जगाला दिसले. त्या वर्षी अमेरिकेत, वाहनांतल्या सॉफ्टवेअरची कुलपे मालकाला दुरुस्तीसाठी आणि कायदेशीर बदलांसाठी उघडू द्यावीत का, यावर सुनावणी चालू होती. जुलैमध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने विरोध नोंदवला: मालकांना आत जाऊ दिले तर ते प्रदूषणाची यंत्रणा बिघडवतील. सप्टेंबरमध्ये त्याच संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस काढली. कंपनीच्या डिझेल गाड्यांतले सॉफ्टवेअर चाचणी ओळखत होते आणि तेवढ्यापुरते शहाण्यासारखे वागत होते. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होते. जगभरात अशा सुमारे १.१ कोटी गाड्या निघाल्या. कंपनीला वस्तू ठाऊक होती, म्हणजे पहिली अट पुरी. ऑक्टोबरमध्ये मालकांना ती कुलपे उघडण्याची सवलत मिळाली, एक वर्षाने लागू होईल या बेताने.

यावरून मुक्त फर्मवेअरचा सरळ विजय जाहीर करण्याचा मोह होतो, पण पुरावा तसे म्हणू देत नाही. ती लबाडी कोड वाचून पकडली गेली नव्हती. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या लोकांनी गाडीच्या मागे मोजयंत्र बांधून ती रस्त्यावर चालवली, तेव्हा ती उघड झाली. ईसीयूच्या आतले वाचन नंतर झाले: २०१५ च्या डिसेंबरमध्ये जर्मनीत फेलिक्स डोम्के याने ते मांडले, आणि २०१७ मध्ये बोखुम व सॅन डिएगोच्या संशोधकांनी सविस्तर निबंध लिहिला. म्हणजे चूक आहे हे मोजमापाने कळते. ती चूक की कपट, हे कोड वाचल्यावर कळते. दोन वेगळी कामे, दोन वेगळी प्रमाणे. दुसरीकडे, मुक्त कोड उघडा असतो म्हणून तो कोणी वाचलेला असतो असे नाही. स्पीडुइनो आणि रुसईएफआय यांचा कोड कोणालाही मिळतो. मेगास्क्वर्टचा वाचायला मिळतो पण अधिकृत हार्डवेअरवरच चालवण्याची अट आहे. तिन्हींचे वापरणारे मात्र बहुतेक एकाच ट्यूनर स्टुडिओतून आत पाहतात, आणि ते सॉफ्टवेअर स्वतः बंद आहे. ईसीयूच्या स्मृतीत कोणता आकडा कुठे आहे आणि त्याला कशाने गुणायचे, हे त्याला एक आयएनआय फाइल सांगते. फर्मवेअर एका आवृत्तीचे आणि फाइल दुसऱ्या आवृत्तीची असली, तर कोड निर्दोष असूनही पडद्यावर भलतेच दिसू शकते. उघड्या घराला काळी काच, असा हा प्रकार. या कसोटीवर मोटेकसारखी बंद पण काटेकोरपणे तपासलेली आणि जबाबदारी घेणारी कंपनी अनेक मुक्त प्रकल्पांपेक्षा भरवशाची ठरू शकते, हे मी मान्य करतो. आप्तत्व परवान्यात लिहून मिळत नाही. तरीही मुक्त कोडाला एक गोष्ट साधते जी बंदाला कधीच साधणार नाही: शंका आली तर ती शेवटपर्यंत नेता येते. सूत्रात डेड टाइम बेरजेत आहे की गुणाकारात, हे बंद सॉफ्टवेअरमध्ये पुस्तिकेवर विश्वास ठेवूनच समजते. मीमांसक कुमारिल म्हणेल, बाधक ज्ञान येईपर्यंत विश्वास ठेवायला हरकत काय? काहीच नाही. इंजिन पहिल्यांदा सुरू करायला कुमारिलच हवा. अनोळखी बेस मॅपवर विश्वास टाकल्याशिवाय स्टार्टर दाबता येत नाही. पण बाधक ज्ञान आले, तर त्याचे मूळ शोधायला वाट असली पाहिजे.

आणखी एक आक्षेप नैतिक आहे आणि तो टाळून चालणार नाही. अमेरिकेच्या त्याच पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये अंदाज दिला की दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधली प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा ट्यूनिंगने आणि तोडफोडीने निकामी केली गेली. म्हणजे २०१५ च्या जुलैमधली भीती पोकळ नव्हती. ज्ञानाची दारे उघडली की लबाडही आत येतात. मला वाटते, याचे उत्तर आप्ताच्या त्याच लक्षणात आहे. गाडी तिच्या मालकाशी बोलते तशी ती तपासणाऱ्याशीही बोलते. फिल्टर काढून टाकून त्याचा फॉल्ट कोड दाबणारा ट्यूनर फोक्सवॅगनच्या अभियंत्याहून तत्त्वतः वेगळा नाही. दोघांनी वस्तू जाणली आणि दुसरीच सांगितली. आपल्याकडच्या पीयूसी तपासणीत नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत, त्यामुळे इथे तर खोटे बोलायलाही फारसे कष्ट नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करण्याला मनाई करणारा अर्थ लावला, त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीत असे प्रयोग कायद्याच्याही पलीकडचे. या लेखातली तुलना शर्यतीच्या आणि अभ्यासाच्या इंजिनांना लागू धरावी.

अशा इंजिनांतही एक जागा अशी आहे जिथे माझा युक्तिवाद लंगडतो, आणि ती म्हणजे इग्निशनचा तक्ता. तिथल्या रकान्यात २२ असेल, तर त्याचा अर्थ एवढाच: पिस्टन वर पोचण्याच्या २२ अंश आधी ठिणगी टाक. हा निव्वळ विधी आहे. सर्वांत महागड्या सॉफ्टवेअरमध्येही तो बहुधा विधीच राहतो. टॉर्कच्या हिशेबावर चालणारी नियंत्रणे ठिणगी आदर्श वेळेपासून किती मागे सरली की टॉर्क किती घटतो, असे विधान करू पाहतात, पण ती आदर्श वेळही कोणीतरी डायनोवर शोधूनच भरलेली असते. इंधनाला वाइडबँड आहे. ठिणगीला तसा साक्षीदार नाही. नॉक सेन्सर ऐकतो ते ओलांडलेल्या मर्यादेला, बरोबर वेळेला नव्हे. म्हणून इथे चुकीला हास्यास्पद दिसण्याची सोयही नाही. पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ दरवर्षी फॉर्म्युला स्टुडंटच्या गाड्या घेऊन कोइमतूरला जातात. त्यांतल्या अनेकांत चाकणला बनणारे केटीएम ३९० चे एकसिलिंडरी इंजिन असते, हवेच्या वाटेत नियमाप्रमाणे २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, आणि मॅनिफोल्डचा दाब इतका उड्या मारणारा की अनेकदा दाब सोडून थ्रॉटलच्या कोनावर तक्ता बांधावा लागतो. इंधनाचा तो तक्ता पुढच्या वर्षीचा विद्यार्थी सेन्सर लावून पुन्हा तपासू शकतो. इग्निशनच्या तक्त्यात आधीच्या विद्यार्थ्याने २४ वर न जाता २२ वर हात का आखडला, नॉकिंग ऐकू आले म्हणून, त्या दिवशीचे पेट्रोल वाईट होते म्हणून, की डायनोची वेळ संपली म्हणून, हे फाइलमध्ये कुठेच नसते. दोन फाइलींतला फरक दाखवण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरांत असते. त्या फरकाचे कारण रकान्याशी बांधून ठेवण्याची सोय त्या मानाने कोणीच मनावर घेतलेली नाही, आणि विधीच्या या तक्त्याला खरी गरज त्याचीच आहे.